गवंड्याचा ओळंबा आणि धर्माचा ग्रंथ

गवंड्याच्या थैलीत असणारी हत्यारे कोणाला अपरिचित नाहीत. काटकोन तपासण्याचा गुण्या, वर्तुळ आखण्याचा कंपास, भिंत सरळ चढते आहे की नाही हे सांगणारा ओळंबा, थर समपातळीत बसला की नाही हे दाखविणारी पाणसळ, आणि चुना पसरणारी थापी. या वस्तूंत गूढ असे काहीही नाही. घर बांधविणारा यजमान त्यांच्याकडे सहसा ढुंकूनही पाहत नाही. परंतु हीच हत्यारे एखाद्या बंद दिवाणखान्यात धर्मग्रंथावर मांडली गेली, त्यांच्याभोवती पांढरे एप्रन बांधलेली प्रतिष्ठित गृहस्थमंडळी उभी राहिली आणि दार आतून लावले गेले, म्हणजे बाहेरच्या मनुष्याच्या मनात नाना शंका उत्पन्न होतात. फ्रीमेसन नावाच्या मंडळींविषयी गेली तीनशे वर्षे नेमके हेच होत आले आहे. उत्तर हिंदुस्थानातील अनेक गावी त्यांच्या सभागृहाला लोक सरळ ‘जादूघर’ म्हणत. मुंबईच्या कोट भागातही त्यांची जुनी इमारत आहे, आणि तिच्यावरून जाणाऱ्या कित्येकांना आत काय चालत असेल याचे कुतूहल वाटत आले आहे.

आत काय चालते, याचे कुतूहल तूर्त बाजूला ठेवावयास हरकत नाही. त्या विधींची वर्णने अठराव्या शतकापासून छापील पुस्तकांत उपलब्ध आहेत, आणि ती वाचणाऱ्याची बहुधा निराशाच होते. विचार करण्याजोगा प्रश्न निराळा आहे. भिन्न धर्मांची, भिन्न जातींची आणि परस्परांविषयी साशंक असलेली माणसे एका प्रतीकाभोवती एकत्र उभी राहू शकतात काय? राहू शकत असतील, तर ते कशामुळे शक्य होते, आणि कोठे येऊन थांबते?

या संस्थेचा उगम इंग्लंड आणि स्कॉटलंड येथील पाथरवटांच्या संघांत आहे, असे मानले जाते. मध्ययुगात मोठमोठी चर्चे आणि किल्ले बांधणारे कारागीर गावोगाव फिरत. कामाच्या जागी त्यांची जी पडवी असे, तिला ‘लॉज’ म्हणत. तेथेच दगड घडवावयाचा, तेथेच विसावा घ्यावयाचा, आणि उमेदवाराला धंद्याची शिस्त व गुपिते शिकवावयाची ती तेथेच. एडिंबरो येथील एका लॉजची कार्यवृत्ते सन १५९९ पासूनची उपलब्ध आहेत. पुढे सतराव्या शतकात ज्यांनी आयुष्यात कधी छिन्नी हाती धरली नाही, असे विद्वान, जमीनदार आणि लष्करी अधिकारी या संघांत प्रवेश घेऊ लागले. खरी बांधकामे मागे पडली. हत्यारे तेवढी उरली, आणि ती आता दगडाऐवजी माणसाच्या मनाविषयी बोलू लागली.

या स्थित्यंतरातील एक प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे. एलायस अ‍ॅशमोल हा इंग्लंडमधील मोठा संग्राहक. ऑक्सफर्डचे अ‍ॅशमोलियन म्युझियम त्याच्याच संग्रहातून उभे राहिले. १६ ऑक्टोबर १६४६ रोजी लँकाशायरमधील वॉरिंग्टन गावी आपण फ्रीमेसन झाल्याची नोंद त्याने रोजनिशीत करून ठेवली आहे. त्या साली इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यामधील यादवी युद्धाची धग नुकतीच कोठे कमी होत होती. अ‍ॅशमोल हा राजपक्षाचा. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी त्याच्याबरोबर दीक्षा घेणारा दुसरा गृहस्थ होता हेन्री मेनवेअरिंग. तो अ‍ॅशमोलच्या सासरच्या नात्यातला, पण पार्लमेंटच्या पक्षाचा कर्नल. ज्या दोघांची रणांगणावर गाठ पडती तर एकाने दुसऱ्यावर शस्त्र उगारले असते, ते दोघे एका खोलीत शेजारी उभे राहिले. त्यांच्या मनात काय होते, हे रोजनिशी सांगत नाही. परंतु त्या खोलीत धर्म आणि राजकारण यांचे वाद आणावयाचे नाहीत, असा जो नियम पुढे लेखी झाला, त्याची गरज कशी निर्माण झाली असेल, याची कल्पना या प्रसंगावरून येते.

सन १७१७ मध्ये सेंट पॉलच्या देवळानजीकच्या एका पानगृहात चार लॉजेस एकत्र येऊन लंडनचे ‘ग्रँड लॉज’ स्थापन झाले, असे परंपरा सांगते. सन १७२३ मध्ये जेम्स अँडरसन या स्कॉटिश धर्मोपदेशकाने संस्थेची घटना छापून प्रसिद्ध केली. तिच्यातील धर्मविषयक कलम हे या सर्व इतिहासाचे बीज होय. त्याचा आशय असा: पूर्वीच्या काळी गवंड्याने ज्या देशात राहावयाचे, त्या देशाचा धर्म पाळावयाचा, अशी रीत होती, आता मात्र ज्या धर्माविषयी सर्व माणसांचे एकमत आहे, तेवढाच त्याच्यावर बंधनकारक मानावा, आणि बाकीची मते ज्याची त्याच्यापाशी राहू द्यावीत, माणूस सज्जन, सचोटीचा आणि शब्दाला जागणारा असला म्हणजे पुरे. नास्तिकाला मात्र दार बंद होते. ईश्वराला कोणत्याही एका धर्मातील नावाने न हाकारता ‘विश्वाचा महान स्थापती’ असे संबोधण्याची पद्धत रूढ झाली. विश्वकर्म्याची कल्पना ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्या हिंदी मनुष्याला हे नाव परके वाटण्याचे कारण नाही.

या कलमाचे धाडस समजण्यास त्या काळाकडे पाहावे लागते. मागील दोन शतकांत युरोप धर्मयुद्धांनी होरपळून निघाला होता. इंग्लंडमध्ये कॅथॉलिक माणसास पार्लमेंटात बसता येत नव्हते. यहुदी माणसास तर नागरिकत्वाचे पूर्ण हक्कही नव्हते. अशा समाजात सन १७३० नंतरच्या दशकात लंडनच्या लॉजमध्ये यहुदी सभासद दिसू लागले. सन १७३८ मध्ये पोप बारावे क्लेमंट यांनी कॅथॉलिकांना या संस्थेत जाण्याची मनाई केली. तेथे कोणत्याही धर्माची आणि पंथाची माणसे एकत्र मिसळतात आणि गुप्ततेची शपथ घेतात, हे त्या आज्ञेत दिलेल्या कारणांपैकी होते. कॅथॉलिक चर्चने हा निर्बंध सन १९८३ मध्येही पुन्हा स्पष्ट केला. या आक्षेपाला केवळ कर्मठपणा म्हणून हसणे योग्य नाही. ज्याला आपल्या धर्मातील सत्य हेच सत्य वाटते, त्याने सर्व धर्मांना सामाईक असलेल्या चार नीतितत्त्वांवर समाधान का मानावे? सर्वांचे जे समान तेवढेच घेतले, तर प्रत्येकाचे जे खास, त्याचे काय होते? सहिष्णुतेच्या प्रत्येक पुरस्कर्त्याला या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते.

त्या उत्तराचा एक धागा प्रतीकांच्या स्वभावात सापडतो.

सिद्धान्त आणि प्रतीक यांच्यात भेद आहे. सिद्धान्त शब्दांत मांडला जातो, आणि शब्द मान्य करावे लागतात किंवा नाकारावे लागतात. प्रतीक पाहावयाचे असते, हाताळावयाचे असते. ओळंबा हाती घेणाऱ्याला कोणी विचारत नाही की, ईश्वर सगुण की निर्गुण, एक की अनेक. दोरीच्या टोकाला बांधलेले वजन सरळ पृथ्वीकडे ओढले जाते, आणि भिंत झुकली असेल तर झुकलेली दिसते, एवढेच ते सांगते. फ्रीमेसनांच्या शिकवणीत ओळंबा म्हणजे वर्तनातील सरळपणा. पाणसळ म्हणजे माणसामाणसांतील समता. गुण्या म्हणजे व्यवहारातील चोखपणा. आणि कंपास म्हणजे स्वतःच्या वासनांना घातलेली मर्यादा. खाणीतून आलेला ओबडधोबड धोंडा हे असंस्कृत मनाचे, तर घडीव चिरा हे संस्कारित मनाचे रूप. मराठी माणसाला हे शिकविण्यास कोणा लॉजची गरज नाही. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण त्याच्या आजीच्या तोंडी होतीच. पाथरवटाची टाकी इंग्लंडात चालो की वेरुळात, ती दगडाला एकच गोष्ट शिकविते.

प्रतीकाचा दुसरा गुण असा की, ते कोणा एकाच्या मालकीचे राहत नाही. एकावर एक उलट ठेवलेल्या दोन त्रिकोणांची षट्कोणी आकृती घ्यावी. हिंदू तंत्रशास्त्रात ती शिवशक्तीच्या मीलनाची खूण आहे. यहुदी लोकांच्या प्रार्थनामंदिरावर तीच त्यांच्या धर्माची निशाणी म्हणून दिसते. दिल्लीत सोळाव्या शतकात बांधलेल्या हुमायूनाच्या कबरीच्या कमानींवरही तीच आकृती शोभेसाठी कोरलेली आहे. फ्रीमेसनांच्या काही शाखांनीही तिचा स्वीकार केला आहे. रेषा सहाच, परंतु त्यांचा अर्थ रेषांत नसून त्यांच्याकडे पाहणाऱ्या समाजाच्या आचारात आहे. त्याच न्यायाने अर्थ बिघडूही शकतो. हिंदू, बौद्ध आणि जैन ज्या स्वस्तिकाला सहस्रावधी वर्षे मंगल मानत आले, त्याच्याच जातीची आकृती विसाव्या शतकात जर्मनीतील नाझी पक्षाने उचलली, आणि युरोपातील लक्षावधी कुटुंबांना ती मृत्यूची खूण झाली. उंबरठ्यावरचे स्वस्तिक त्यामुळे अपवित्र झाले नाही. पण आकृती पवित्र असली म्हणजे तिच्या आश्रयाने होणारे कृत्यही पवित्र ठरते, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

मग प्रतीकाचा खरा अर्थ कोणता, हे ठरवावयाचे कसे? या प्रश्नाला एका फ्रीमेसन लेखकानेच नाटकाच्या रूपाने उत्तर दिले आहे. जर्मन साहित्यिक लेसिंग याने सन १७७१ मध्ये हँबुर्ग येथे दीक्षा घेतली. सन १७७९ मध्ये त्याचे ‘नाथान दर वायझे’, म्हणजे ‘शहाणा नाथान’, हे नाटक प्रसिद्ध झाले. प्रसंग आहे धर्मयुद्धांच्या काळातील जेरुसलेमचा. सुलतान सलाउद्दीन हा नाथान नावाच्या यहुदी व्यापाऱ्याला पेचात टाकतो: यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमानी या तीन धर्मांपैकी खरा कोणता? नाथान त्याला एक जुनी कथा सांगतो. एका घराण्यात एक अंगठी होती. श्रद्धेने जो ती धारण करील, तो देवाला आणि माणसांना प्रिय होईल, असा तिचा महिमा. पिता ती आपल्या आवडत्या पुत्राला देई. असे होता होता ती ज्या पित्याकडे आली, त्याला तिन्ही मुलगे सारखेच प्रिय होते. त्याने हुबेहूब तशाच आणखी दोन अंगठ्या घडवून घेतल्या आणि प्रत्येकाला एक एक दिली. पित्याच्या मृत्यूनंतर तिघे न्यायाधीशापुढे गेले. न्यायाधीशाने निवाडा दिला तो असा: तुमच्यापैकी देवाला आणि माणसांना प्रिय कोण झाला आहे ते दाखवा, तोपर्यंत प्रत्येकाने आपलीच अंगठी खरी मानावी आणि आपल्या वागणुकीने तिचा महिमा प्रकट करावा.

या कथेत आपली अंगठी टाकून द्या, असे कोणालाही सांगितलेले नाही. तिन्ही वितळवून चौथी करा, असेही म्हटलेले नाही. प्रत्येकाचे जे खास, ते त्याच्या बोटात राहते; फक्त ते खरे असल्याचा पुरावा आता दुसऱ्याला खोटे ठरवून देता येत नाही. पोपच्या आक्षेपाला यापेक्षा चांगले उत्तर सापडणे कठीण आहे.

तथापि ज्या देशात हे नाटक लिहिले गेले, तेथील लॉजेसची वर्तणूक कशी होती? लेसिंगचा जिवलग मित्र मोझेस मेंडेलसोन हा थोर तत्त्वज्ञ. नाथानच्या स्वभावाचे रेखाटन करताना लेसिंगच्या डोळ्यांपुढे तोच होता, असे मानले जाते. परंतु तो यहुदी होता, आणि जर्मन लॉजेसचे दार यहुद्यांना बंद होते. खुद्द लेसिंगने फ्रीमेसनांविषयी लिहिलेल्या संवादांत हा दोष दाखवून दिला आहे. प्रशियातील कित्येक लॉजेस पुढे शंभर वर्षे आपले दार असेच लावून बसली. गुण्या आणि कंपास भिंतीवर होते. भिंतीत मात्र समतेला दार नव्हते.

हाच प्रश्न समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आला, तेव्हा त्याला आणखी धार चढली. ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्रजांनी सन १७३० च्या सुमारास कलकत्त्यास आणि सन १७५८ मध्ये मुंबईस लॉज स्थापन केले. एखाददुसऱ्या नवाबपुत्राला दीक्षा मिळाली, तरी सर्वसामान्य हिंदी माणसाला तेथे प्रवेश नव्हता. मुंबईत ही कोंडी फुटली ती एका पारशी गृहस्थाच्या चिकाटीमुळे. माणेकजी खरशेदजी हे सुधारक वृत्तीचे विद्वान पुरुष. मुलींच्या शिक्षणासाठी पुढे अलेक्झांड्रा स्कूल काढणारे ते हेच. त्यांनी मुंबईच्या युरोपियन लॉजमध्ये प्रवेश मागितला; तो मिळाला नाही. पुढे युरोपच्या प्रवासात त्यांनी पॅरिस येथील लॉजमध्ये रीतसर दीक्षा घेतली. बंधुत्वाच्या नियमाप्रमाणे एकदा दीक्षित झालेला मनुष्य सर्वत्र बंधूच. परंतु मुंबईला परत आल्यावर त्या युरोपियन लॉजने या बंधूलाही आपल्यात घेतले नाही. पॅरिसला जो बंधू, तो मुंबईला परका!

या वेळी पुढे आले डॉ. जेम्स बर्न्स. हे स्कॉटिश शल्यवैद्य पूर्वी कच्छमध्ये भूज येथे होते, आणि पश्चिम हिंदुस्थानातील स्कॉटिश शाखेचे प्रमुखपद त्यांच्याकडे होते. त्यांचे बंधू सर अलेक्झांडर बर्न्स हे सन १८४१ मध्ये काबूल येथे जमावाच्या हातून मारले गेले होते. ज्याच्या घरावर असा आघात झाला, त्याच्या मनात आशियातील लोकांविषयी कटुता राहती तर कोणाला नवल वाटले नसते. परंतु अवघ्या दोन वर्षांनी, डिसेंबर १८४३ मध्ये, याच गृहस्थाने मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज हिंदी लोकांसाठी उघडले. पारशी आणि मुसलमान सभासद त्यात दाखल झाले. पुढे अवेस्ता ग्रंथाचे गाढे अभ्यासक खरशेदजी रुस्तमजी कामा हेही याच लॉजचे झाले, आणि त्यांनी जरथुश्त्री धर्म व फ्रीमेसनरी यांच्या तुलनेवर व्याख्यान दिले. परक्या मंडळींनी आणलेल्या चिन्हांत त्यांना स्वतःच्या धर्माचा प्रकाश दिसला. आपला धर्म न सोडता दुसऱ्याचे प्रतीक समजून घेता येते, याचे हे आपल्या शहरातील उदाहरण होय.

हिंदूंचा प्रश्न मात्र अधिक बिकट मानला गेला. अनेक देवांची पूजा करणारा मनुष्य ‘एका स्थापत्या’वर विश्वास ठेवतो असे म्हणावयाचे कसे? जातिभेद पाळणारा बंधुत्वाची शपथ कशी घेणार? आणि शपथ घ्यावयाची तर कोणत्या ग्रंथावर? कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त यांनी सन १८६३ च्या सुमारास प्रवेशासाठी अर्ज केला. बंगालच्या अधिकाऱ्यांनी अडथळे आणले. प्रकरण लंडनपर्यंत गेले. खल होत राहिला. अखेर सन १८७२ मध्ये दत्तांना दीक्षा मिळाली. एका सज्जन गृहस्थाला दाराबाहेर नऊ वर्षे तिष्ठत राहावे लागले. हिंदूंच्या बाजूने जो युक्तिवाद झाला, तो मोठा मार्मिक होता. हिंदूंची अनेक दैवते ही एकाच परमतत्त्वाची निरनिराळी रूपे आहेत. म्हणजेच ती प्रतीके आहेत. जे लोक गुण्याकडे बोट दाखवून नीती शिकवितात, त्यांना मूर्तीकडे बोट दाखवून ईश्वर शिकविणाऱ्याचे म्हणणे कळू नये, ही आश्चर्याचीच गोष्ट!

यानंतर हिंदू सभासदांची संख्या वाढत गेली. सन १८८४ मध्ये कलकत्त्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने दीक्षा घेतली. पुढे जगाने त्यांना स्वामी विवेकानंद म्हणून ओळखले. शपथेच्या ग्रंथाचा प्रश्नही सुटला, आणि तो अगदी साध्या मार्गाने. ज्या ग्रंथाने ज्याचे मन बांधले जाते, त्याने त्याच ग्रंथावर हात ठेवावा. ख्रिस्ती माणसाने बायबलवर, मुसलमानाने कुराणावर, पारश्याने अवेस्तावर, हिंदूने गीतेवर. सन १९६१ मध्ये हिंदुस्थानचे स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाले. त्याच्या वेदीवर या चार ग्रंथांबरोबर शिखांचा गुरु ग्रंथसाहिबही मानाने ठेवला जातो. पाच ग्रंथांचा मिळून सहावा ग्रंथ कोणी रचला नाही, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे. लेसिंगच्या कथेतील अंगठ्यांप्रमाणे ते शेजारी शेजारी राहिले.

येथवरची कथा ऐकून मन प्रसन्न होते. परंतु येथेच थांबणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे होईल.

मुंबईत जन्मलेला इंग्रज लेखक रडयार्ड किपलिंग सन १८८६ मध्ये लाहोरच्या ‘होप अँड पर्सिव्हिअरन्स’ लॉजचा सभासद झाला. तेव्हा त्याचे वय एकवीसही पूर्ण नव्हते. हिंदू, मुसलमान, शीख, ब्राह्मसमाजी, आर्यसमाजी, इंग्रज अशी सर्व प्रकारची माणसे त्याला तेथे बंधू म्हणून भेटली. दारावरचा रखवालदार यहुदी होता. त्या मंडळीची आठवण त्याने जन्मभर जपली, आणि ‘द मदर लॉज’ या कवितेत ती अजरामर केली. परंतु त्याच कवितेत दोन गोष्टी त्याने प्रांजळपणे नमूद केल्या आहेत. एक अशी की, दाराबाहेर साहेब साहेबच होता आणि सलाम करणारा सलामच करीत होता. पाणसळ आतच राहत असे. दुसरी अशी की, जातीचा विटाळ नको म्हणून ही मंडळी एकत्र भोजनास बसत नसत. ईश्वराविषयी त्यांच्या गप्पा रात्री उशिरापर्यंत रंगत. पंगत मात्र कधी मांडली गेली नाही. आणि ज्या किपलिंगला त्या खोलीत सर्व समान दिसले, तोच पुढे गोऱ्या माणसाच्या साम्राज्याचा भाट म्हणून प्रसिद्ध झाला.

दोष एकट्या इंग्रजांचा नव्हता, हे येथे उघड आहे. दाराबाहेरची उच्चनीचता राज्यकर्त्यांनी राखली होती. ताटावरची हिंदी लोकांनी. स्त्रियांना तर या प्रमुख शाखांत स्थानच नव्हते. स्त्रीपुरुष दोघांनाही घेणारी निराळी शाखा फ्रान्समध्ये सन १८९३ मध्ये निघाली, आणि डॉ. अ‍ॅनी बेझंट यांनी सन १९०२ मध्ये तिच्यात प्रवेश करून ती पुढे हिंदुस्थानात आणली. अमेरिकेत बॉस्टन येथे प्रिन्स हॉल या निग्रो गृहस्थाला सन १७७५ मध्ये ब्रिटिश लष्करी लॉजकडून दीक्षा घ्यावी लागली, आणि त्याच्या बांधवांना स्वतःचे वेगळे लॉज काढावे लागले. समतेचे चिन्ह हाती असूनही माणसे विषमता किती सहज पाळू शकतात, याची ही यादी लांबविता येईल.

दुसऱ्या बाजूने, चिन्हांची भीती बाळगणाऱ्यांनी केलेले अनर्थही थोडे नाहीत. फ्रान्समध्ये लेओ टॅक्सिल नावाच्या लेखकाने फ्रीमेसन हे सैतानाचे उपासक आहेत, अशा रसभरित कथा सन १८८५ नंतर बारा वर्षे छापल्या. हजारो वाचकांनी त्या खऱ्या मानल्या. सन १८९७ मध्ये पॅरिस येथे भरसभेत त्याने स्वतःच सांगितले की, हे सर्व आपण रचलेले थोतांड होते. तरीही त्या कथा मेल्या नाहीत. अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेवर त्रिकोणातील डोळा छापलेला असतो. तो फ्रीमेसनांचे गुपित आहे, असे आजही अनेकजण सांगतात. वस्तुतः ईश्वराच्या सर्वसाक्षी दृष्टीची ती खूण ख्रिस्ती चित्रकलेत त्याआधीपासून रूढ होती. या गोष्टी हसण्यावारी नेता आल्या असत्या. पण यहुदी आणि फ्रीमेसन यांचा जागतिक कट आहे, या कल्पनेवर नाझींनी आपली सत्ता पोसली, सन १९३५ मध्ये जर्मनीतील लॉजेस बंद पाडली, आणि लेसिंगचे ते नाटकही रंगभूमीवरून हद्दपार केले. स्पेनमध्ये फ्रँकोने सन १९४० मध्ये फ्रीमेसन असणे हाच गुन्हा ठरविला. दुसऱ्याच्या प्रतीकाचा अर्थ त्याला न विचारता आपणच ठरविला, म्हणजे शेजाऱ्याचा शत्रू व्हावयास वेळ लागत नाही.

या काळोखातून एक दिवस लक्षात ठेवण्याजोगा निघाला. सन १९४५ च्या सप्टेंबरात, युद्ध संपून चार महिने झाले असताना, उद्ध्वस्त बर्लिनमधील ‘डॉइचेस थिएटर’चा पडदा पुन्हा वर गेला. त्या दिवशी खेळासाठी निवडलेले नाटक ‘नाथान दर वायझे’ हेच होते. ज्या शहरातून यहुदी माणसांना गाड्यांत भरून मरणाकडे धाडले गेले, त्याच शहरात रंगमंचावर एक यहुदी तीन अंगठ्यांची गोष्ट सांगू लागला. न्यायाधीशाने मागितलेला पुरावा त्या राष्ट्राला देता आला नव्हता, हे प्रेक्षागृहात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

या सर्व इतिहासाचे तात्पर्य पाहू गेल्यास ते गवंड्यालाच विचारावे लागेल. ओळंब्याचा उपयोग त्याला विचारला, तर तो सांगेल की, भिंतीला लावल्यावाचून ओळंब्याला काही कळत नाही. पेटीत ठेवलेला ओळंबा नेहमीच सरळ असतो. प्रतीकाचेही तसेच आहे. भिन्न धर्मांच्या माणसांना ते एका ठिकाणी आणू शकते, कारण प्रत्येकाला ते आपल्या अर्थासह आत येऊ देते. एवढे सामर्थ्य त्याच्यात निश्चित आहे, आणि माणेकजींची चिकाटी, बर्न्सचे औदार्य व वेदीवरचे पाच ग्रंथ त्याची साक्ष देतात. परंतु आत आलेली माणसे बाहेर गेल्यावर कशी वागतील, हे काम प्रतीक करू शकत नाही. ते माणसांनाच करावे लागते.

आणि हा प्रश्न फ्रीमेसनांपुरता नाही. सुशिक्षित घराच्या दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती असते, भिंतीवर ख्रिस्ताचे चित्र असते, मुलांना सर्वधर्मप्रार्थना पाठ असते. त्याच घराच्या स्वयंपाकघरात, फळीच्या एका कडेला, घरकामाच्या बाईसाठी वेगळा ठेवलेला पेला असतो. लाहोरच्या त्या मंडळीला पंगत मांडता आली नव्हती, म्हणून तिला नावे ठेवणे सोपे आहे. ओळंबा प्रथम लावून पाहावयाचा, तो त्या फळीला.